बढती नको म्हणणारा कारकून

हार्वी पेकारला बढती देऊ केली की तो नको म्हणायचा. अमेरिकेत क्लीव्हलँड शहरात माजी सैनिकांसाठी एक मोठं सरकारी हॉस्पिटल आहे. तिथे तो फाइल क्लार्क होता. १९६०च्या दशकाच्या मध्यावर चिकटला आणि २००१ साली निवृत्त झाला तेव्हाही फाइल क्लार्कच होता. मागणी आलेली फाइल रॅकमधून हुडकायची, गाडीवर घालून पोचती करायची, परत आली की जागच्या जागी लावायची. ३५ वर्षं हेच.

आपल्या घरांमधून अशा माणसाचं काय होतं ते सांगायला नकोच. खात्याची परीक्षा दे म्हणून आधी वडील मागे लागतात, मग बायको, आणि शेवटी लग्नकार्यात भेटलेला एखादा साडू 'अजून तिथंच का?' असं हसत हसत विचारून जेवणाची चव घालवतो. माझी स्वतःची उमेद कचेरीतच खर्ची पडली. त्यामुळे पेकारने स्वतःच्याच आयुष्यावर लिहिलेली कॉमिक्स हाती आली तेव्हा चित्रांच्या आधी माझ्या डोळ्यांत भरला तो हा नकार. आळशी माणूस बढती नाकारतो, हे मी पाहिलंय. हा गडी आळशी नव्हता. घरी आल्यावर रात्र रात्र लिहीत बसायचा. वरच्या खुर्चीबरोबर दहा माणसांची कटकट डोक्यात शिरते, आणि ती जागा त्याला दुसऱ्या कशासाठी तरी राखून ठेवायची होती, एवढाच मला त्याचा अर्थ लागला.

ते दुसरं काम म्हणजे 'अमेरिकन स्प्लेंडर' नावाचं कॉमिक. १९७६ साली त्याने त्याचा पहिला अंक पदरचे पैसे घालून छापला आणि मग साधारण वर्षाला एक अशा चालीने बरीच वर्षं छापत राहिला. नायक एकच, हार्वी पेकार, सरकारी हॉस्पिटलातला फाइल क्लार्क. क्लीव्हलँडच्या रस्त्यांवरून थेट आपल्यापर्यंत, अशा अर्थाची एक ओळ मुखपृष्ठावर असायची. त्या रस्त्यांवर तेव्हा मिरवण्यासारखं फारसं काही नव्हतं. १९५० साली ९ लाखांवर वस्ती असलेलं हे पोलादाचं शहर १९८० पर्यंत पावणेसहा लाखांवर आलं होतं. १९६९ मध्ये तिथल्या नदीवरच्या तेलकट तवंगाने पेट घेतला, आणि १९७८च्या डिसेंबरात महापालिकेला बँकांचं कर्ज फेडता आलं नाही. महामंदीनंतर असं नाक कापून घेणारं ते अमेरिकेतलं पहिलं मोठं शहर.

त्या देशात कॉमिक्स म्हटलं की पँटवर चड्डी घालणारे महामानव, हे समीकरण पक्कं होतं. १९५४ साली सिनेटच्या उपसमितीने कॉमिक्समुळे पोरं बिघडतात का याची चौकशी केली आणि प्रकाशकांनी धास्तावून स्वतःच स्वतःवर 'कॉमिक्स कोड' नावाची नियमावली लादून घेतली. मोठ्यांनी वाचावं असं जे काही होतं ते त्यात बाद झालं. १९६८च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट क्रम्ब आणि त्याच्यासारख्या चित्रकारांनी हा कोड धुडकावून आपापली कॉमिक्स छापायला सुरुवात केली. नेहमीच्या स्टॉलवर त्यांना थारा नव्हता. चिलमी, पोस्टर, उदबत्त्या विकणाऱ्या हिप्पी दुकानांत ती मिळत. हेच ते अंडरग्राउंड. पुढे १९७३ मध्ये अश्लीलतेबद्दल सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, त्या दुकानांमागेही कायद्याचं शुक्लकाष्ठ लागलं आणि हा धंदा बसत गेला. म्हणजे पेकारने आपलं दुकान थाटलं ते बाजार उठल्यावर!

बाकीच्यांच्या अंकांत गांजा, नागडेपणा, देवाधर्माची टिंगल. पेकारच्या गोष्टींतही शिव्या आहेत, भांडणं आहेत, बायका सोडून जातात. पण त्याची खरी आगळीक वेगळीच होती. त्याच्या गोष्टींत काही घडत नाही. सुपरमार्केटमध्ये पैसे द्यायला रांगेत उभं राहायचंय, पुढे एक म्हातारी ज्यू बाई आहे, आणि ती काचेच्या ग्लासांच्या किमतीवरून काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालतेय. संपली गोष्ट. मागे उभ्या असलेल्या हार्वीचं डोकं तापत जातं, आणि बाई त्याच्याच समाजातली असल्यामुळे त्याचं तापणंही धड सरळ होत नाही, एवढाच त्यातला थरार.

हार्वीही ज्यूच. १९३९चा जन्म. आईवडील पोलंडमधल्या बियालिस्तोकहून आलेले, घरात यिडिश. वडील सॉल धर्मग्रंथांचा व्यासंग असलेले, पण पोटासाठी क्लीव्हलँडच्या किन्समन भागात किराणा दुकान चालवायचे. बिऱ्हाड दुकानाच्या वर. आसपासचे गोरे एकेक करून निघून गेले, वस्ती काळ्यांची झाली, आणि या गोऱ्या पोराला रोज मार खावा लागला. मग तोही मारायला शिकला. उत्तम मारायचा म्हणे. उतारवयात, २००५ साली, डीन हॅस्पिएलच्या चित्रांसह त्याने 'द क्विटर' हे बालपणाचं पुस्तक केलं. जिथे पहिला नंबर येणार नाही असं वाटलं तिथून पळ काढायचा, हा आपला स्वभाव त्याने त्यात पानोपानी सोलून ठेवलाय. कॉलेज वर्षभरात सोडलं. आरमारात भरती झाला, तर कपडे धुऊन तपासणीला ठेवायचे म्हटलं की त्याच्या पोटात गोळा यायचा, आणि तिथूनही घरी पाठवणी झाली. लढाई नाही, समुद्र नाही, धुण्यामुळे परत! दुसरा कुणी असता तर हे मेल्यावरही कुणाला कळू दिलं नसतं.

मात्र 'सामान्य माणूस' हा त्याच्यावर मारलेला शिक्का मला कधी पटलेला नाही. तो भयंकर वाचायचा. विशीच्या उंबरठ्यावर, १९५९ साली, 'जॅझ रिव्ह्यू' मासिकात त्याचा फॅट्स नव्हारो या ट्रंपेटवादकावरचा लेख छापून आला आणि तिथून पुढे आयुष्यभर तो जॅझवर लिहीत राहिला. हजारो रेकॉर्ड जमवल्या. रेकॉर्ड जमवणाऱ्याचं व्यसन काय असतं ते त्याने एका गोष्टीत लिहिलंय: पगाराचा दिवस, दुकान, हातात रेकॉर्डची थप्पी, घरी आल्यावर पश्चात्ताप, आणि आठवड्याने पुन्हा तेच. एक दिवस त्याने हे बंद केलं आणि वाचलेल्या पैशांतून कॉमिक काढलं. गोष्टीचं नावही तसंच लांबलचक आहे, रेकॉर्ड जमवणं सोडून त्या पैशांत कॉमिक कसं काढलं त्याची हकिकत.

या रेकॉर्डच्या नादातूनच १९६२ साली त्याची क्रम्बशी गाठ पडली. क्रम्ब तेव्हा क्लीव्हलँडमध्येच शुभेच्छापत्रं छापणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होता. दोघांनाही मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांचं वेड. क्रम्बच्या वह्या पाहून पेकारच्या मनात आलं की गोष्ट सांगायला शब्द आणि चित्रं एवढंच लागत असेल, तर कॉमिक्समध्ये वाटेल ते सांगता येईल, मग सगळे उंदीरमांजरं नि उडती माणसंच का काढतात? हा विचार त्याने दहाएक वर्षं नुसता घोळवला. क्रम्ब सॅन फ्रान्सिस्कोला गेला, जगप्रसिद्ध झाला, आणि १९७२ मध्ये परत भेटला तेव्हा पेकारने काही कागद त्याच्यापुढे टाकले. क्रम्बने ते वाचून, हे मी घरी नेऊन काढू का, असं विचारलं.

ते कागद कसे असायचे ते पाहण्यासारखं आहे. पेकारला चित्र म्हणून काही काढता येत नव्हतं. तो कागदावर पट्टीने चौकटी आखायचा, त्यांत काड्यांची माणसं काढायची, डोक्यावर फुगे, फुग्यांत संवाद, आणि कडेला सूचना: इथे हा थांबतो, इथे तो खिडकीबाहेर बघतो. चित्रकाराला फोन लावून सगळं पान स्वतःच्या घोगऱ्या आवाजात वाचून दाखवायचा, सगळ्या पात्रांचे आवाज काढून. मग आठवडाभराने पुन्हा फोन, झालं का? सगळ्या चित्रकारांना हा अनुभव आहे.

आणि चित्रकार किती! क्रम्ब, गॅरी डम, ग्रेग बजेट, जेरी शॅमरे, फ्रँक स्टॅक, पुढे जो सॅको, जोश न्यूफेल्ड, हॅस्पिएल. प्रत्येकाचा हार्वी निराळा. क्रम्बचा हार्वी केसाळ, घामेजलेला, पाठीत वाकलेला, आत्ता अंगावर येईल असा. शॅमरेचा फोटोवरून उतरवलेला, थोडा देखणाच. डमचा साधा, कारकुनी. एकाच अंकात पान उलटलं की माणसाचा चेहराच बदलतो, आणि दोनतीन अंक वाचल्यावर ते खटकेनासं होतं. आत्मचरित्र लिहिणाऱ्याला एरवी स्वतःला कसं दाखवायचं यावर पूर्ण ताबा असतो. पेकारने तो ताबा दुसऱ्यांच्या हाती दिला. मला बेढब काढा, टकला काढा, पण बोलणं माझं ठेवा.

एक गोष्ट जवळून सांगतो, म्हणजे त्याची करामत कळेल. दुसऱ्या अंकातली, १९७७ सालची, चित्रं क्रम्बची. चार पानं, प्रत्येक पानावर बारा चौकटी, एकूण ४८. सगळ्या चौकटींत एकच चित्र: समोर बघणारा एक माणूस, छातीपर्यंतचा. मागे कोरी भिंत. तो आपल्या नावाबद्दल बोलतोय. माझं नाव विचित्र, लहानपणी पोरं चिडवायची, मोठा झालो, स्वतःचा फोन घेतला, डिरेक्टरीत नाव छापून आलं म्हणून कौतुकाने उघडली, तर आणखी एक हार्वी पेकार! असं नाव दुसऱ्या कुणाचं असणं शक्य तरी आहे का? पुढच्या वर्षी आणखी एक. मग पेपरात बातमी येते, त्यांतला एक वारला. थोड्या काळाने दुसराही जातो. हार्वीने त्यांना कधी पाहिलेलं नाही, फोनही केलेला नाही, तरी त्याला चुकल्यासारखं वाटतं. आता डिरेक्टरीत आपण एकटेच. काही वर्षांनी डिरेक्टरी उघडतो तर तिसराच हार्वी पेकार हजर.

क्रम्बने एवढी पानं एकच चेहरा काढला, पण प्रत्येक चौकटीत पापणी, ओठ, मानेचा कोन जरासा हलवलाय. आणि मधेच एखादी चौकट मुकी आहे. फुगा नाही, माणूस नुसता बघतोय. पेकारचं सगळं बळ या मुक्या चौकटींत आहे, असं माझं मत. बोलता बोलता माणूस थांबतो, पुढचं वाक्य जुळवतो, किंवा बोललेलं पटत नाही म्हणून गप्प बसतो, तो क्षण त्याने कागदावर धरून ठेवला. जॅझ ऐकणाऱ्याला सूर कुठे सोडायचा ते कानाने कळतं, त्यातला हा प्रकार असावा. बाकीचं शिक्षण हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये झालं. लिफ्टची वाट पाहणं, फाइलची वाट पाहणं, पाच वाजायची वाट पाहणं, आणि तेवढ्यात शेजारच्याचं बोलणं कानावर पडणं. कारकुनाच्या दिवसात खरं काम थोडं आणि अशा फटी फार असतात. पेकारने त्या फटींतलं वेचलं. बढती घेतली असती तर तो केबिनमध्ये गेला असता आणि कान बंद झाले असते.

याच प्रश्नावर त्याची एक तीन पानी गोष्ट आहे, १९८०च्या दशकातली, क्रम्बने ब्रशने काढलेली. रविवारची सकाळ, हार्वी पाव आणायला निघालाय. वाटेत स्वतःशी विचार चालू: समजा उद्या एखाद्या बड्या प्रकाशकाने मला उचललं, पैसा आला, नोकरी सोडता आली, तर? मग मी रस्त्यावरच्या माणसांपासून तुटेन का? मग लिहिणार कशावर? आणि हे असलं काही होणारच नाहीये, तर मी डोकं का शिणवतोय? एवढ्यात बेकरी येते. पाव घेतो, परत निघतो, ताज्या पावाचा वास येतो. त्यावर तो काही भाष्य करत नाही, नुसता खूश होतो. कुणी दुसऱ्याने हे लिहिलं असतं तर पावाच्या वासावर दीड परिच्छेद प्रवचन झोडलं असतं.

प्रकाशक मात्र खरंच आला. १९८६ साली डबलडेने त्याच्या निवडक गोष्टींचं पुस्तक काढलं, पुढच्या वर्षी त्याला 'अमेरिकन बुक अवॉर्ड' मिळालं. पेकारने नोकरी सोडली नाही. त्याच पुस्तकामुळे डेव्हिड लेटरमनच्या रात्रीच्या टीव्ही शोमध्ये त्याला बोलावणं आलं. लेटरमनला हवा होता क्लीव्हलँडचा एक विक्षिप्त कारकून, पाच मिनिटं हसायला. पेकारला हवी होती अंकांची जाहिरात आणि मानधनाचा चेक. दोनतीनदा हे जमून गेलं, लोक हसले. पण हा शो दाखवणारी एनबीसी वाहिनी तेव्हा जनरल इलेक्ट्रिक या कंपनीच्या ताब्यात नुकतीच गेली होती, आणि ही कंपनी शस्त्रास्त्रंही बनवायची. १९८७ मध्ये वाहिनीच्या तंत्रज्ञांचा संप झाला तेव्हा पेकार संपकऱ्यांचा टी-शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर जाऊन बसला. १९८८च्या ऑगस्टमध्ये तर त्याने थेट मालक कंपनीवरच तोफ डागली. लेटरमन आधी हसून टाळत होता, मग त्याचा पारा चढला, आणि त्या रात्रीनंतर पेकारला काही वर्षं बोलावणंच आलं नाही. १९९०च्या दशकात पुन्हा दोनदा जाऊन आला, पण ती गंमत उरली नव्हती.

मी ते चित्रण पाहिलंय. सगळं शूरपणाचं आहे असं नाही. पेकार ओरडतो, समोरच्याचं ऐकत नाही, प्रेक्षक त्याच्या बाजूचे आहेत की त्याला हसताहेत ते त्याला कळत नाही आणि आपल्यालाही नाही. पण सोमवारी सकाळी फाइलींच्या गाडीपाशी आपली जागा पक्की आहे, हे ठाऊक असलेल्या माणसालाच तिथे तसं बोलता आलं. लेखणीवर पोट असणाऱ्यांनी टी-शर्ट बदलला असता. कायमच्या सरकारी नोकरीला आपण भित्र्यांचं आश्रयस्थान म्हणतो. इथे ती नेमकी उलट कामाला आली. या भेटींवरही त्याने अंकात गोष्टी केल्या, हे वेगळं सांगायला नको.

आता जरा अडचणीचं. स्वतःवर लिहिणारा माणूस एकट्या स्वतःवर लिहूच शकत नाही. हॉस्पिटलातले सहकारी, आधीच्या बायका, ओळखीचे लोक, सगळे त्याच्या चौकटींत आले. टोबी रॅडलॉफ या त्याच्या सहकाऱ्याला ते मानवलं. त्याची ती सपाट, एकसुरी बोलण्याची ढब आणि 'मी अस्सल नर्ड (म्हणजे चारचौघांत न मिसळणारा, आपल्याच नादात बुडालेला) आहे' हा अभिमान कॉमिकमधून टीव्हीपर्यंत पोचला, आणि एमटीव्हीने त्याला पडद्यावर आणला. पण सगळ्यांचं असं भलं झालं नसणार. सुरुवातीच्या अंकांतल्या बायकांच्या बाजूने कुणी बोलत नाही. हार्वी स्वतःची खरडपट्टी काढतो, हे खरंच. तरी खरडपट्टी काढायचा मान त्याचाच, समोरचीला दोन फुगे मिळाले तर मिळाले. आज वाचताना ते बोचतं.

त्यामुळे त्याने 'माउस' या कॉमिकवर केलेली टीका वाचून मला हसू आलं होतं. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं आणि पोलिश डुकरं अशी रूपं देऊन आर्ट स्पीगलमनने आपल्या वडिलांची छळछावणीची कहाणी सांगितली, सगळ्या जगाने डोक्यावर घेतली. पेकारने १९८६ मध्ये 'कॉमिक्स जर्नल'मध्ये तिचे वाभाडे काढले. माणसांना जनावरं कशाला करता, पोलिश लोकांना डुकरं का, आणि वडिलांना कंजूष, चिडखोर दाखवून मुलगा स्वतः चांगला ठरतोय, असा त्याचा रोख. बरेच लोक म्हणाले, जळतोय. थोडं जळणं असेलही. पण पोलंडहून आलेल्या बापाचा मुलगा म्हणून तो बोलत होता आणि शेवटचा मुद्दा तर प्रत्येक आत्मचरित्रकाराच्या वर्मी बसणारा आहे, त्याच्या स्वतःच्याही. त्याने स्वतःच्या वडिलांवर सविस्तर लिहायला मात्र आणखी जवळजवळ २० वर्षं घेतली.

या एकतर्फीपणाला औषध मिळालं ते तिसऱ्या लग्नात. जॉयस ब्रॅबनर डेलावेअरमध्ये कॉमिक्सच्या दुकानाची भागीदार होती. तिला हवा असलेला अंक दुकानातून विकला गेला म्हणून तिने थेट लेखकालाच पत्र टाकलं. पत्रं, फोन, मग भेट, आणि भेटीत लगेच लग्नाचं ठरलं. पहिल्याच भेटीत, आपण नसबंदी करून घेतलीय, हे हार्वीने आधी सांगून टाकलं, ओळखपाळख मागाहून. जॉयस स्वतः लिहिणारी, शांतता चळवळीत काम करणारी, आणि मुख्य म्हणजे त्याला उलट बोलणारी. दोघांनी पुढे एका मुलीला वाढवलं.

१९९० साली हार्वीला लिम्फोमा हा कॅन्सर झाल्याचं निदान झालं. त्याच सुमारास दोघं घर विकत घेत होती, आणि आखाती युद्धाचे ढग जमत होते. या सगळ्याचं मिळून १९९४ मध्ये 'अवर कॅन्सर इयर' हे जाड पुस्तक आलं, लेखक दोघं, चित्रं फ्रँक स्टॅकची. स्टॅकची रेघ थरथरती, खरवडल्यासारखी, काही ठिकाणी चेहरा धड पुराही होत नाही. केमोथेरपीत अंगावर नागीण उठते, माणूस घरातल्या घरात रांगतो, ते दाखवायला दुसरी कुठली रेघ चालली नसती. आणि पहिल्यांदाच गोष्टीला दोन मालक आहेत. आजाऱ्याची चिडचिड आहे तशी उशापायथ्याशी बसणाऱ्या बाईचीही आहे. तिला त्याचा राग येतो, ती दमते, बाहेर जाऊन कामं उरकते, परत येते. औषधांच्या गुंगीत हार्वीला एकदा प्रश्न पडतो की कॉमिक लिहिणारा माणूस मी, की त्या कॉमिकमधलं पात्र मी. एरवी असलं वाक्य कुणी टाळ्यांसाठी लिहिलं असतं. इथे ते जमिनीवर पडलेल्या माणसाच्या तोंडी येतं. मला त्याचं सगळ्यात चांगलं पुस्तक हेच वाटतं, आणि त्याचं अर्धं श्रेय बिनदिक्कत जॉयसचं.

२००३ मध्ये 'अमेरिकन स्प्लेंडर' नावाचाच सिनेमा आला. पॉल जियामाटी हार्वी झालाय, आणि मधूनमधून खरा हार्वी, खरी जॉयस, खरा टोबी पडद्यावर येऊन बसतात. सनडान्स चित्रपट महोत्सवात त्याला परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, ऑस्करला पटकथेचं नामांकन. सिनेमा छान आहे, पण सिनेमाला शेवट लागतो, त्यामुळे त्यात निवृत्तीची पार्टी आहे, केक आहे, सगळे हसताहेत. कॉमिक्सच्या हार्वीला असं सुखाने हसताना मी क्वचितच पाहिलंय. सिनेमा गाजला तरी त्याचा पैशाचा घोर गेला नाही. पेन्शन चालू होतं, तरी तो फोन करकरून कामं मागत राहिला. या घाईत लिहिलेलं काही, म्हणजे कुणाकुणाची चरित्रं, इतिहासाची पुस्तकं, साफ रटाळ आहे. दुसऱ्यांच्या आयुष्यातल्या फटी त्याला कुठून ठाऊक असणार?

१२ जुलै २०१० रोजी तो क्लीव्हलँड हाइट्समधल्या घरी वारला, ७० वर्षांचा होऊन. नैराश्यावरच्या औषधांची मात्रा अपघाताने जास्त झाली, असा निष्कर्ष निघाला. लेक व्ह्यू दफनभूमीत त्याच्या थडग्यावर बायका, कामाच्या सुपाऱ्या आणि निर्मिती म्हणजे आयुष्य, अशा मतलबाचं त्याचंच वाक्य कोरलंय आणि वाचक तिथे पेनं ठेवून जातात. दोन वर्षांनी क्लीव्हलँड हाइट्समधल्या ली रोडवरच्या ग्रंथालयात कॉमिकच्या चौकटीतून बाहेर येणारा त्याचा पुतळा बसला. पुतळा ब्राँझचा, पण ग्रंथालय निवडलं हे बरं केलं. तो पडीकच असायचा तिथे.

कुणाला वाचायचंच असेल तर एक सांगतो. डबलडेचं ते निवडक पुस्तक मिळालं तर घ्या, पण एका बैठकीत संपवू नका. सलग वाचला तर पेकार जिन्यात गाठून अर्धा तास गाऱ्हाणी सांगणाऱ्या शेजाऱ्यासारखा वाटायला लागतो. दोन गोष्टी वाचा, ठेवून द्या. नावाची ती ४८ चौकटींची गोष्ट आधी घ्या. सिनेमा सगळ्यात शेवटी पाहा, नाहीतर पुढे प्रत्येक चौकटीत जियामाटीचाच आवाज ऐकू येईल आणि बाकीच्या पंधरावीस हार्वींवर उगाच अन्याय होईल.